सहा आठवड्यांचे दहा महिने

मंडळी, हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिलाय. हाड मोडलं एकाचंच, पण दुखणं काढलं दोघांनी, तेव्हा लेखही दोघांचाच. सोयीसाठी आमच्यातल्या एकाला 'श्री.' म्हणू आणि दुसरीला 'सौ.'. मोडलेलं हाड सौ.चं.

दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. न्यू जर्सीतल्या थंडीची ओळख वाचकांना नव्यानं करून द्यायला नको. दुसऱ्या दिवशी गार्बेजचा दिवस. डबा रस्त्याकडेला नेऊन ठेवणं हे गेली पंचवीस वर्षं श्रीं.चं काम. त्या रात्री श्री. टीव्हीपुढे होते. 'नेतो, नेतो' असं दोनदा म्हणून झालं होतं. तिसऱ्यांदा न विचारता सौ.नी कोट चढवला आणि डबा ओढत त्या ड्राइव्ह-वेवर गेल्या. दिवसा वितळलेलं स्नोचं पाणी रात्री गोठून काचेसारखं झालं होतं. ब्लॅक आइस दिसत नाही, कळतो तो पाठ टेकल्यावरच. सौ. उजव्या खांद्यावर आपटल्या. आतून 'काड्' असा आवाज आला. आपल्याला पडताना कुणी बघितलं तर नाही ना, हा पहिला विचार. दुखायला लागलं त्यानंतर.

इमर्जन्सी रूममधल्या तरुण डॉक्टरनं एक्स-रे दाखवला. कॉलरबोन, म्हणजे गळपट्टीचं हाड, बरोबर मधोमध मोडलं होतं आणि एक तुकडा दुसऱ्यावर चढला होता. हात गळ्यात अडकवायला स्लिंग दिली, दुखायचं थांबायला गोळ्या दिल्या आणि म्हणाला, "सहा आठवडे. फार तर आठ."

आम्ही घरी येऊन कॅलेंडरवर सहा आठवड्यांनंतरच्या तारखेला गोल केला. त्या कॅलेंडरवर आणखी एक गोल आधीपासून होता, मेच्या शेवटच्या आठवड्यावर. आमची लेक सिएटलला असते. तिचं पहिलं बाळंतपण. आम्ही हिशेब केला की मार्चअखेर हाड जुळेल, एप्रिल व्यायामाला, मेमध्ये विमान. मधे भरपूर दिवस होते!

एवढंसं हाड

पडेपर्यंत या हाडाची आमची ओळख म्हणजे नेकलेस ज्यावर शोभून दिसतो ते, एवढीच. नंतर मात्र त्याच्याविषयी बरंच वाचलं. इंग्रजी 'एस' अक्षरासारखं वळण असलेलं हे हाड गर्भात सगळ्यात आधी, पाचव्या-सहाव्या आठवड्यातच, हाडाचं रूप घ्यायला लागतं आणि त्याचं छातीकडचं टोक पुरतं जुळायला माणूस तेवीस-पंचवीस वर्षांचा व्हावा लागतो. सगळ्यात आधी सुरुवात आणि सगळ्यात शेवटी समाप्ती! अख्खा हात धडाला हाडानं जोडलेला आहे तो फक्त इथे. बाकी सगळा कारभार स्नायूंचा. म्हणून हे मोडलं की हाताचं वजन बाहेरचा तुकडा खाली ओढतं, मानेचा स्नायू आतला तुकडा वर खेचतो आणि दोन टोकं एकमेकांकडे पाठ फिरवून बसतात. प्लास्टर घालावं तर खांद्याला ते घालणार कसं? श्वास घेतला तरी तिथे हालचाल होते.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत या हाडाचं नाव अक्षक. त्या ग्रंथाच्या चिकित्सास्थानात मोडलेल्या हाडांवर एक सबंध अध्याय आहे. बांबूच्या आणि झाडांच्या सालींच्या पट्ट्या बांधायला सांगितल्या आहेत. सांधा पक्का व्हायला लहान वयात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि उतारवयात तिप्पट वेळ लागतो असंही म्हटलं आहे. सौ. तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या. आपण मध्यम वयात मोडतो की उतारवयात, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. सुश्रुताचा सल्ला आम्ही कॅलेंडरवर गोल करायच्या आधी वाचायला हवा होता.

आठवड्यानं हाडांच्या सर्जनकडे गेलो. बाईंनी दोन्ही वाटा मोकळेपणानं सांगितल्या. पूर्वी हे हाड सरसकट आपोआप जुळतं असं मानत. १९६० च्या दशकात अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहण्यांत न जुळण्याचं प्रमाण शेकडा एकाहूनही कमी होतं. पुढे २००४ साली एडिनबरोच्या डॉक्टरांनी ८६८ रुग्णांचा मागोवा घेतला. ऑपरेशन न केलेल्यांपैकी ६.२ टक्के लोकांचं हाड २४ आठवड्यांनंतरही जुळलेलं नव्हतं. वय जास्त, रुग्ण स्त्री, तुकडे एकमेकांपासून सरकलेले किंवा हाडाचा चुरा झालेला असला, तर धोका जास्त. कॅनडातल्या डॉक्टरांचा २००७ सालचा अभ्यास तर अशा सरकलेल्या हाडांचाच. वर्षभरानंतर प्लेट बसवलेल्या ६२ जणांपैकी दोघांचं हाड जुळलेलं नव्हतं, नुसती स्लिंग घातलेल्या ४९ पैकी सात जणांचं.

"म्हणजे ४९ पैकी ४२ जणांचं जुळलं," श्री. म्हणाले. श्री. इंजिनिअर आहेत. ऑपरेशन म्हटलं की भूल आली, जखम आली, जंतुसंसर्गाचा धोका आला, आणि पुढेमागे प्लेट टोचली तर ती काढायला दुसरं ऑपरेशन. आम्ही स्लिंग निवडली. आज मागे वळून बघताना तो निर्णय चूक होता असं आम्ही म्हणत नाही. दहातल्या आठ जणांहून अधिकांचं जुळतं, आमचं उरलेल्यांत गेलं.

एका हाताचा संसार

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी काही गोष्टी सांगतो. आम्हाला त्या कुणी सांगितल्या नव्हत्या.

आडवं झोपता येत नाही. पहिले पाच आठवडे सौ. रिक्लायनरवर झोपल्या आणि श्री. शेजारच्या सोफ्यावर. डोक्यावरून घालायचे कपडे बाद. श्रीं.चे पुढून बटणं असलेले जुने शर्ट कामी आले. घालताना दुखरा हात आधी बाहीत, काढताना शेवटी. गाडीत पुढच्या पॅसेंजर सीटचा पट्टा नेमका उजव्या खांद्यावरून येतो, म्हणून सौ. ड्रायव्हरच्या मागे बसायला लागल्या, कारण तिथला पट्टा डाव्या खांद्यावरून येतो. त्यामुळे श्री. पगारी शोफर दिसायचे.

प्रेशर कुकरचं झाकण एका हातानं निघत नाही. आंघोळ, केस, सेफ्टी पिन, डाव्या हातानं चेकवर सही, यांतलं काहीही एका हातानं होत नाही. श्री. वेणी घालायला शिकले. पहिली वेणी शेंडीसारखी झाली. पोळ्यांचं मात्र जमलं नाही ते नाहीच. इंडियन ग्रोसरीतल्या फ्रोजन पोळ्यांनी अब्रू राखली. भात, आमटी, कोशिंबीर, एवढ्यात श्रीं.ची मजल उपीट आणि पिठल्यापर्यंत गेली. सौ. खुर्चीत बसून सूचना द्यायच्या. "अहो, हिंग! हिंग राहिला!" हे वाक्य आमच्या घरात दिवसातून चारदा घुमायचं.

सुरुवातीला मंडळातल्या मैत्रिणींनी डबे पाठवले. इतके आले की फ्रीजमध्ये जागा उरली नाही. कुणी पुरणपोळी दिली, कुणी थालीपीठ. समोरच्या घरातला अमेरिकन शेजारी स्वतः सत्तरीचा, पण आम्हाला न विचारता दोनदा ड्राइव्ह-वेवर मीठ टाकून गेला. परदेशात आपलं कोण, असं म्हणणाऱ्यांनी त्या दिवसांत आमच्या घरी यायला हवं होतं.

नोकरीचंही सांगायला हवं. सौ. एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये काम करतात. १९९३ च्या फॅमिली अँड मेडिकल लीव्ह कायद्यानं मोठ्या कंपन्यांत वर्षाला बारा आठवडे रजा मिळते. ती बिनपगारी, पण नोकरी राखली जाते. न्यू जर्सीत १९४८ पासून तात्पुरत्या अपंगत्वाचा विमा आहे. त्यातून जास्तीत जास्त २६ आठवडे पगाराचा काही भाग मिळतो, मात्र नोकरी राखायची जबाबदारी तेव्हा त्या विम्याची नव्हती. पैसे मिळणं वेगळं आणि खुर्ची जागेवर राहणं वेगळं, हे आम्हाला एका अनुभवी मैत्रिणीनं समजावलं आणि म्हणाली, "बाराचे बारा आठवडे आत्ताच उडवू नका गं, हाडाचं काही सांगता येत नाही." सौ. सहा आठवड्यांनी टेबलावरच्या कामापुरत्या परतल्या आणि उरलेले सहा आठवडे शिलकीत टाकले. त्या सल्ल्याचं मोल ऑगस्टमध्ये कळलं.

गोल केलेली तारीख

मार्चअखेर एक्स-रे झाला. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळतं, मग कूर्चेसारखं मऊ काहीतरी तयार होतं, त्यात हळूहळू चुना भरतो, आणि तेव्हा ते एक्स-रेवर ढगासारखं पांढुरकं दिसू लागतं. त्याला कॅलस म्हणतात. आमच्या एक्स-रेवर ढग नव्हता. दोन टोकं होती तशीच होती आणि मधे काळी फट.

"काहींना वेळ लागतो," सर्जनबाई म्हणाल्या. आणखी सहा आठवडे.

इथून खरं दुखणं सुरू झालं. सहा आठवडे माणूस कसेही काढतो, कारण शेवट दिसत असतो. त्यानंतर शेवट दिसेनासा होतो. डबे थांबले. यात कुणाचा दोष नाही. कॉलरबोन सहा आठवड्यांत बरं होतं हे सगळ्यांना ठाऊक, तेव्हा आमचंही झालंच असणार! सौ.ची स्लिंगही निघाली होती. वरून बघणाऱ्याला सगळं ठीक. आत मात्र कूस बदलली की तुकडे एकमेकांवर घासल्याचं कळायचं. पर्स खांद्यावर घेता येईना, वरच्या फडताळातली बरणी काढता येईना. "कशी आहेस?" असं कुणी विचारलं की सौ. "बरी आहे" म्हणायच्या आणि घरी येऊन गप्प बसायच्या.

सल्ले मात्र भरपूर आले. कोल्हापूरहून सौ.चे बंधू फोनवर म्हणाले, "ताई, विमानात बस आणि सरळ इकडं ये. आपला हाडवैद्य तीन पट्ट्यांत हाड बसवतोय बघ." कुणी हाडसांधीच्या वेलाचा लेप सुचवला, कुणी नाचणीची आंबील, कुणी डिंक. एका हितचिंतकानं बकऱ्याच्या पायाचं सूप इतकं मनापासून सांगितलं, की आमच्या शाकाहारी घरात त्यावर दोन मिनिटं गंभीर विचार झाला. आमचा मुलगा फुटबॉलचा भक्त. तो म्हणाला, "ॲरन रॉजर्सचं २०१३ मध्ये कॉलरबोन मोडलं, दोन महिन्यांच्या आत तो परत खेळला. २०१७ मध्ये दुसऱ्या बाजूचं मोडलं, ऑपरेशन केलं, पुन्हा दोन महिन्यांत मैदानावर." त्यावर श्रीं.नी इतिहास काढला. इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम १७०२ साली घोड्यावरून पडला, कॉलरबोन मोडलं आणि पंधरवड्याच्या आसपास फुप्फुसाच्या आजारानं वारला. सौ. म्हणाल्या, "मी खेळाडूही नाही आणि राजाही नाही. मला फक्त माझ्या हातानं पोळी लाटायचीय."

त्याच सुमारास आमचं एक मोठं भांडण झालं. निमित्त क्षुल्लक. श्री. दमले होते. नोकरी, स्वयंपाक, लाँड्री, सगळं अंगावर. ते म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू मन लावून करत नाहीस." सौ. म्हणाल्या, "आणि गार्बेज?" तीन महिने न उच्चारलेला शब्द. नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी श्रीं.नी कबूल केलं की ती रात्र त्यांना रोज आठवते, आणि म्हणूनच हाड लवकर जुळावं याची त्यांना सौ.पेक्षा जास्त घाई झालीय. ज्याच्यामुळे आपण पडलो त्याच्यावर रागवायचं नाही आणि त्यानं केलेली आमटी गुपचूप खायची, याचं ओझं सौ.नाही झालं होतं. ते भांडण आधीच व्हायला हवं होतं.

सिएटल

मेच्या सुरुवातीला, बारा आठवड्यांनी, पुन्हा एक्स-रे. ढग नाहीच. सर्जनबाईंनी रक्त तपासलं, ड जीवनसत्त्व बरंच कमी निघालं. हाड न जुळण्याचं हेच कारण असं त्या म्हणाल्या नाहीत, पण गोळ्या सुरू केल्या. इथल्या उत्तरेकडच्या गावांत राहणाऱ्या आपल्या सगळ्यांनीच हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. बॉस्टनच्या अक्षांशावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उन्हात बसूनही त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होत नाही, असं १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. आणि आपल्या सावळ्या कातडीला ते बनवायला एरवीही जास्त ऊन लागतं. पुण्यातलं ऊन आपण टाळत आलो, इथे ते मागूनही मिळत नाही.

बाई म्हणाल्या, "आता ऑपरेशन करता येईल, किंवा सहा महिन्यांपर्यंत वाट बघता येईल. हाड जुळवायला मदत करणारं अल्ट्रासाउंडचं यंत्रही आहे." त्या यंत्राला एफडीएनं १९९४ मध्ये ताज्या फ्रॅक्चरसाठी आणि २००० मध्ये न जुळलेल्या हाडांसाठी मान्यता दिली. पण पायाच्या नडगीच्या हाडावर ऑपरेशन झालेल्या पाचशेएक रुग्णांवरच्या २०१६ सालच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही, हेही बाईंनीच सांगितलं. यंत्र आम्ही घेतलं नाही. ऑपरेशन आत्ता केलं तर सिएटल रद्द. सौ.नी क्षणभरही विचार केला नाही. "आधी बाळ," त्या म्हणाल्या.

लेकीला आम्ही फोनवर सांगत होतो, "जवळजवळ बरं झालंय." जन्मभर आपण हेच करत आलो नाही का? इथलं दुखणं तिकडे कळवायचं नाही, आणि तिकडचे लोक तिकडचं आपल्याला कळवत नाहीत. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याचं आम्हाला दोन महिन्यांनी कळलं होतं, तेव्हा आम्ही किती चिडलो होतो! आता तेच आम्ही पोटच्या मुलीशी केलं.

विमानात उजव्या बाजूची खिडकी घेतली, म्हणजे दुखऱ्या खांद्याला कुणाचा धक्का लागत नाही. सामान एकट्या श्रीं.नी उचललं. चार दिवसांनी नात झाली. सात पौंड दोन औंस. आणि सौ.ना पाच पौंडांहून जास्त वजन उचलायला बंदी!

पहिले दोन दिवस निभावलं. मांडीवर उशी ठेवायची आणि लेकीनं किंवा जावयांनी बाळ त्यावर आणून ठेवायचं. डाव्या हातानं थोपटायचं. तिसऱ्या रात्री बाळ रडलं. सौ. सवयीनं उठल्या, पाळण्यात वाकल्या आणि दोन्ही हातांनी तिला उचलायला गेल्या. खांद्यातून अशी कळ गेली की त्या पाळण्याचा कठडा धरून जमिनीवरच बसल्या. बाळाला काही झालं नाही, ते अजून गादीवरच होतं. लेक दारात उभी होती. तिनं सगळं पाहिलं.

मग खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. लेक आधी चिडली, मग रडली. "आई, मी काय तुला बाळ धुवायला बोलावलं का? मला भीती वाटतेय म्हणून बोलावलं. आणि तू मला काही सांगतच नाहीस." सौ.ना काय बोलावं ते सुचेना. त्यांच्या मते बाळंतपणाला गेलेली आई म्हणजे पायावर बाळाला न्हाऊ घालणारी, पहाटे उठून खीर करणारी. हात चालत नसला तर तिनं जायचं कशाला?

सकाळी नवी वाटणी झाली. नाळ पडेपर्यंत इथले डॉक्टर ओल्या फडक्यानंच पुसायला सांगतात, ते काम श्रीं.कडे आलं. नाळ पडल्यावर आंघोळही त्यांच्याकडेच. स्वतःच्या दोन्ही मुलांच्या वेळी ते आंघोळीच्या खोलीकडे फिरकले नव्हते. आता बुटक्या स्टुलावर बसून, हात थरथरत असताना, ते नातीच्या डोक्याखाली तळवा धरत होते आणि शेजारी सौ. सांगत होत्या, "मान सांभाळा. अहो, इतकं घट्ट नको, ती काय बॅट आहे? आता पोटावर. हळूहळू." डिंकाचे लाडूही श्रीं.नीच वळले. काही गोल झाले, काही चौकोनी. लेक म्हणाली, "बाबा, बाळंतपण तुम्हीच केलंत." दुपारी सगळे झोपले की सौ. आणि लेक बोलत बसायच्या. कॉलेजला गेल्यापासून दोघींना इतका निवांत वेळ मिळालाच नव्हता. सौ.चे हात कामात असते तर तो तेव्हाही मिळाला नसता, असं त्या आता म्हणतात.

प्लेट

परत आल्यावर, सहा महिने पूर्ण होता होता, सीटी स्कॅन झाला. मोडलेली टोकं गुळगुळीत झाली होती, जणू आता जुळायचं नाही असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. अशा हाडाला डॉक्टर नॉन-युनियन म्हणतात. टोकांशी कॅलस धरला असेल, तर बहुधा नुसती घट्ट बांधणी पुरते. आमच्यासारखं काहीच धरलं नसेल, तर नवं हाडही भरावं लागतं, आणि ते कमरेच्या हाडातून काढतात.

ऑगस्टमध्ये ऑपरेशन झालं. धातूची प्लेट, आठ स्क्रू. गंमत म्हणजे पहिले पंधरा दिवस खांद्यापेक्षा कमरच जास्त दुखली. व्रणाखाली तळहाताएवढा भाग बधिर झाला, तो अजून थोडा आहे. कातडीखालच्या बारीक नसा तिथूनच जातात, म्हणून असं होतं हे आधी सांगितलं होतं. शिलकीतले सहा आठवडे रजेला कामी आले. मग फिजिकल थेरपी. वाकून हात लंबकासारखा झुलवायचा, भिंतीवर बोटं मुंगीसारखी वर चढवायची. भिंतीवर पेन्सिलनं रोजची खूण. त्या खुणा आम्ही पुसलेल्या नाहीत.

सहा आठवड्यांच्या एक्स-रेवर पहिल्यांदा ढग दिसला. या वेळी आम्ही कॅलेंडरवर गोल केला नव्हता. डिसेंबरात सर्जनबाईंनी पडदा आमच्याकडे वळवला. फट नव्हती. सौ.नी कोल्हापूरला फोन करून एवढंच सांगितलं, "हाड धरलं रे." पलीकडून बंधू म्हणाले, "धरणारच. मी अंबाबाईला नारळ बोललो होतो." श्रेय कुणाचं यावर आम्ही वाद घातला नाही.

नाताळात लेक आली. नात सात महिन्यांची, चांगली गुटगुटीत. सौ.नी तिला दोन्ही हातांनी उचललं आणि खिडकीपाशी नेऊन बाहेरचा स्नो दाखवला. श्री. मागे हात पुढे करून उभेच होते. "अहो, बाजूला व्हा," सौ. म्हणाल्या. "जमतंय मला."

जाता जाता

डॉक्टरांनी सांगितलेले आठवडे हा अंदाज असतो, वायदा नव्हे. बारा आठवड्यांनीही हाड हलत असेल, खूप दुखत असेल, तर गप्प बसू नका. सरळ विचारा की हाड जुळतंय का, ड जीवनसत्त्व बघितलं का, पुढची वाट कोणती. सिगारेट ओढत असाल तर आधी ती सोडा, तिनं हाड जुळायला उशीर होतो. दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या, लेप, काढे, जे काही घेत असाल ते डॉक्टरांना सांगा. रजा एकदम संपवू नका. आणि ड्राइव्ह-वेवर मीठ टाका. आमच्याकडे आता ते श्री. टाकतात, टीव्ही लावायच्या आधी.

शेवटची विनंती आपल्या मंडळींना. कुणाचं काही मोडलं की पहिल्या आठवड्यात आपण सगळेच डबा घेऊन धावतो. त्यात काही वाईट नाही, आम्ही त्यावरच जगलो. पण त्यातला एक डबा राखून ठेवा आणि तिसऱ्या महिन्यात न्या. जाऊन "झालं ना आता बरं?" असं विचारू नका. "अजून कुठे अडतं?" असं विचारा. घरातलं माणूस दोन मिनिटं गप्प राहील आणि मग बोलायला लागेल. तेव्हा निघायची घाई करू नका. चहा टाका. तो तुम्हालाच टाकावा लागेल, कारण त्या घरात अजून एकच हात चालत असेल.